दोन क्रेडिटांचा पाव्हना

आमचे नामदेव जिभाऊ स्वतःच्याच घरातल्या मागच्या खोलीत शिरण्याआधी दार तीनदा वाजवतात, खणखणीत आवाजात 'हाऊसकीपिंग' म्हणतात आणि मनात दहा आकडे मोजून मगच आत जातात. आतून उत्तर आलं नाही तर शिरावं, असं त्यांच्या पुस्तकात लिहिलंय. उत्तर यायचा प्रश्नच नसतो, कारण घरात जिभाऊ एकटेच राहतात.

प्रकाशा गावात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक आहे. त्यामुळे हे 'हाऊसकीपिंग' मला रोज सकाळी सातला ऐकू येतं. पहिले काही दिवस मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मग कळलं की ते विद्यार्थी झालेत. माझ्या बायकोच्या मते या दोन्हींत फार फरक नाही.

जिभाऊंची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर गेली. साहेब लोकांना चहा द्यायचा, चादरी बदलायच्या, ताटं वाढायची. ते निवृत्त झाले त्याच वर्षी काकू गेल्या. मुलगा प्रशांत त्याआधीच सुरतेला साड्यांच्या छपाईच्या कामात रुळला होता. दुसरा कोणी असता तर देवळाच्या पायरीवर बसून सरकार पाडत आणि बसवत राहिला असता. जिभाऊंनी शहाद्याला आमच्या कॉलेजात येऊन कम्युनिटी कॉलेजच्या पर्यटन आणि आतिथ्याच्या वर्षभराच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातल्या पोरांनी त्यांना पहिल्या दिवशी मास्तर समजून उठून नमस्कार केला.

आता माझं नशीब बघा. त्या कॉलेजात क्रेडिटांच्या टेबलावर बसणारा कारकून मीच. मी त्यांना एकदा नीट समजावलं, की तीस तास प्रात्यक्षिक केलं की एक क्रेडिट मिळतं, ती क्रेडिटं तुमच्या नावाने बँकेत जमा होतात आणि पुढे पदवीच्या अभ्यासक्रमात वळती करता येतात. जिभाऊ दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन गावातल्या बँकेत गेले आणि क्रेडिटांची एन्ट्री मारून द्या म्हणून खिडकीशी उभे राहिले. ही बँक नुसती कॉम्प्युटरात असते, तिला दारखिडकी काही नसतं, हे त्यांच्या गळी उतरवायला मला आठवडा लागला. 'बिगर दारनी बँक' हे नाव त्यांनी तिला ठेवलं ते कायमचं.

तेव्हापासून जगातली हरेक गोष्ट ते तासांवर तोलू लागले. "हाई क्रेडिटमा धरतीन का?" हा एकच प्रश्न. कोणाच्या लग्नात वरण-बट्टी वाढली, धरतीन का? बस चुकलेल्या बाईला ओट्यावर बसवून पाणी दिलं, धरतीन का? एका तेराव्याच्या जेवणाला तर त्यांनी प्रत्येक ताटाशेजारी कागदी रुमालाचा हंस करून ठेवला. मयताच्या थोरल्या भावाने हंस उलगडला आणि त्यात नाक शिंकरलं. आम्ही खाली माना घालून हसत होतो. जिभाऊ शांतपणे म्हणाले, वापर झाला हे महत्त्वाचं.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला रोज मेन्यूकार्ड लटकतं. 'आजचे विशेष: डुबुक वड्या, भाकरी. सूचना: वड्या कालच्या आहेत.' लिहिणारे तेच, वाचणारे तेच आणि खाणारेही तेच.

बासष्टाव्या वर्षी पदवी हवी कशाला, असं मी एकदा वैतागून विचारलं. टेबलासमोर रांग होती आणि जिभाऊ हलायला तयार नव्हते.

"घर मोठं शे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पाव्हनाले कसं बलावनं, ते शिकी ऱ्हायनू."

मला ते वाक्य फार गमतीचं वाटलं. मी ते ऑफिसात चौघांना त्यांच्याच आवाजात करून दाखवलं आणि हशा मिळवला.

कोर्स पुरा झाला. क्रेडिटं वळती केली की आतिथ्य आणि पर्यटन व्यवस्थापनाच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळणार होता. फक्त दोन क्रेडिटं कमी पडत होती, आणि ती होती पाहुण्याची. घरी एक पाहुणा दोन रात्री ठेवायचा, त्याची सरबराई करायची आणि जाताना त्याच्याकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घ्यायचा. अर्जाची मुदत दिवाळीनंतर संपत होती.

तुम्ही म्हणाल, प्रकाशासारख्या तीर्थाच्या गावी पाहुण्यांना काय तोटा? पण आमच्याकडचे यात्रेकरू तापीत बुडी मारतात, दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या बसने परततात. जिभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून घाटावर उभे राहायचे. वेलकम, आमच्याकडे दोन दिवस मुक्काम करा, पैसे नकोत, असं हात जोडून सांगायचे. पैसे नकोत म्हटल्यावर लोक पिशव्या छातीशी धरून लांबून जायचे. असं दोन महिने चाललं. मागच्या खोलीतली चादर ते रोज बदलत होते, तिच्यावर कोणी झोपलेलं नसतानाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी जिभाऊ दाराशी माझ्या आधी हजर. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं मुलगा कायमचा घरी राहायला आला. त्यांनी भरलेला फॉर्म माझ्यासमोर ठेवला.

पाहुण्याचं नाव, प्रशांत नामदेव पाटील. मुक्काम, दोन रात्री. येण्याचा हेतू, दिवाळी. गरम पाणी वेळेवर मिळालं. उशी जरा उंच होती. जेवण आईच्या हातासारखं नाही, पण चांगलं होतं. शेवटचा प्रश्न होता, 'पुन्हा याल का?' त्यापुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. दोन्ही मोकळ्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत प्रशांतने लिहिलं होतं, 'बघू'.

त्याच्या खाली यजमानाने भरायचा रकाना होता, पाहुण्याशी नातं. तिथे जिभाऊंच्या वळणदार अक्षरात 'मुलगा'.

मी म्हटलं, जिभाऊ, हे चालणार नाही. नियमात घरचा माणूस पाहुणा धरत नाहीत. त्यांना ते कळेचना. आमच्या मुलखात जावई आला की तो पाव्हना, आणि एसटीत शेजारी येऊन बसला तो अनोळखी माणूसही पाव्हना. जो बाहेरगावाहून पिशवी घेऊन येतो, दोन दिवस राहतो आणि पिशवी घेऊन जातो, तो पाव्हना नाही तर कोण, असं ते मला विचारत राहिले.

मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी कारकून माणूस, मला वाट ठाऊक. आवाज खाली करून मी म्हटलं, 'मुलगा' खोडा आणि 'नाही' लिहा. पाटील काय, गल्लोगल्ली आहेत. वर कोणी बघत नाही. मी पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.

जिभाऊंनी पेन रकान्याच्या वर धरलं. मागच्या रांगेतला एकजण कुरकुरला. मग त्यांनी टेबलावरचं टोपण उचलून पेनाला लावलं आणि पेन माझ्यासमोर ठेवलं.

"तो पाव्हनासारखा येस, भाऊसाहेब, हाई मले कबूल शे," ते म्हणाले. "पन 'नातं नही' लिखाले मन्हा हात कसा चाली?"

त्यांनी फॉर्मची नीट घडी केली, खिशात ठेवला आणि दोन क्रेडिटं पुढल्या साली पाहू म्हणून निघून गेले. मला माझी लाज वाटली. ज्या वाक्यावर मी ऑफिस हसवलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

त्या शनिवारी बायको धानोऱ्याला माहेरी गेली होती. मी एका पिशवीत टॉवेल आणि लेंगा घातला, आमच्या दाराला कुलूप लावलं आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. सांगितलं, दोन रात्री राहीन म्हणतो. एवढंही सांगितलं, की क्रेडिटांच्या कागदावर सही करणारा मीच, त्यामुळे माझा मुक्काम धरता येणार नाही.

"नका धरू," जिभाऊ म्हणाले. "पाव्हना तं शे."

त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. ती चार हातांवरच्या खोलीपर्यंत त्यांनीच वाहिली. उशी पातळ होती. ती नवी आणली असावी.

सकाळी सातला दार तीनदा वाजलं. "हाऊसकीपिंग."

मी पांघरुणातूनच म्हटलं, "या ना जिभाऊ, जागाच आहे मी."

दार उघडलं नाही. मी दहा आकडे मोजले, मग वीस मोजले, मग उठून दार उघडलं. जिभाऊ चहाचा ट्रे धरून उभे होते.

"मझारतून आवाज उना," ते म्हणाले. आतून आवाज आला, हे मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

चहा निवला होता; सात वाजायची वाट बघत ते बराच वेळ दाराशी उभे असावेत. दुसरा करून आणतो म्हणून ते गेले आणि पाच मिनिटांनी आले. आता दार सताड उघडंच होतं, मी समोर खाटेवर बसलो होतो. तरी त्यांनी ट्रे एका हातावर घेतला, उघड्या दारावर तीनदा वाजवलं आणि थांबले.

मी म्हटलं, "या."