पडद्याकडे पाठ

एकशेवीस खुर्च्यांच्या चित्रपटगृहात आपल्या लेकीच्या पहिल्या चित्रपटाच्या खास खेळाला फक्त अकरा माणसं येणार, हे टाळीमास्तरांना सकाळी चहा पिताना कळलं, आणि त्यांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला.

"अकरा पुरेत, बाबा," लेक म्हणाली. "अकराही समीक्षक आहेत. उरलेल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील."

बाग सुकली तरी चालेल, असं माळ्याला सांगण्यातलाच हा प्रकार होता. रिकाम्या खुर्च्या भरणं हाच तर मास्तरांचा पंचवीस वर्षांचा धंदा. टीव्हीवरच्या कार्यक्रमांत समोर बसून जी माणसं हसतात, टाळ्या पिटतात आणि पाहुण्याचं दुःख ऐकून डोळे पुसतात, ती मास्तर पुरवत. नुसती पुरवत नसत, घडवत. 'हसा', 'टाळ्या', 'शांत' अशा पाट्या घेऊन ते मंचाकडे पाठ करून लोकांसमोर उभे राहत. पाटीवर न मावणाऱ्या गोष्टींसाठी हाताच्या खुणा होत्या. दोन्ही हात डोक्यावर हलवले की उभं राहून टाळ्या. कपाळाला हात लावला की रडायचं. आणि दोन्ही तळवे सावकाश वर उचलले की कार्यक्रम संपला, उठा. ती खूण होईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. एकदा शूटिंगच्या मध्येच वीज गेली, तेव्हा त्यांची चाळीस माणसं काळोखात पाऊण तास बसून राहिली होती. हा किस्सा मास्तर अजूनही अभिमानाने सांगत.

लेकीला मात्र हा धंदा शाळेपासून बोचत आला होता. वडील काय करतात असं कोणी विचारलं, की ती "टीव्हीत असतात" एवढं म्हणून विषय बदलायची. घरात ती टीव्ही लावूच देत नसे. आणि आता तिने चित्रपट काढला होता तो टीव्हीचीच टर उडवणारा. कथा तिने बाबांना दाखवली नाही, त्यांनीही मागितली नाही. "आमच्या पोटावर पाय तर नाही ना आणत?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा ती नुसती हसली होती.

"एक सांगून ठेवते," चपला घालताना ती म्हणाली, "तुमचं एकही माणूस तिथे दिसता कामा नये. मला खरे प्रेक्षक हवेत, नाहीतर कोणीच नको."

"छे, छे! भलतंच काय!" मास्तर म्हणाले. ती जिना उतरेपर्यंत ते कान देऊन उभे राहिले आणि मग त्यांनी फोन उचलला.

दुपारी चित्रपटगृहामागच्या गल्लीत चाळीस माणसं जमली. सगळ्यांत पुढे ठिपक्यांच्या स्वेटरवाल्या मावशी. पंचवीस वर्षं पहिल्या रांगेत बसणाऱ्या या बाई म्हणजे मास्तरांचा उजवा हात.

"आज पाटी नाही, खुणा नाहीत," मास्तरांनी सांगितलं. "मनापासून बघायचं."

चाळीस चेहऱ्यांवर काळजी पसरली.

"मनापासून म्हणजे किती?" मावशींनी विचारलं. "पूर्ण की मध्यम?"

"अहो, घरी बघता तसं."

"घरी मी भाजी निवडते. मास्तर, निदान रडायचं कुठे ते तरी सांगून ठेवा."

"जिथे रडू येईल तिथे."

"ते आम्हाला कसं कळणार?"

आपण माणसांना काय करून ठेवलंय, हा विचार त्यांच्या मनात क्षणभर येऊन गेला. पण खेळाची वेळ झाली होती.

पहिल्या खेळाला दिग्दर्शकाने आत बसू नये म्हणतात, म्हणून लेक बाहेरच्या दालनात येरझाऱ्या घालत होती. मास्तर आपली माणसं घेऊन मागच्या दाराने शिरले आणि सवयीप्रमाणे पडद्याशेजारच्या कोपऱ्यात, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. समोर अकरा समीक्षक मांडीवर वह्या घेऊन बसले होते आणि त्यांच्याभोवती चाळीस माणसं मनापासून बघण्याचा घाम गाळत होती.

दहा मिनिटं बरी गेली. अकराव्या मिनिटाला एकाएकी टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर दचकले, वळून बघतात तो पडद्यावर एक माणूस 'टाळ्या' अशी पाटी धरून उभा! लेकीच्या चित्रपटाचा नायक प्रेक्षक पुरवणारा होता, आणि चाळीस माणसांना हुकूम सुटला होता. तो आपल्या माणसाने सोडला की पडद्यावरच्या, याची चौकशी करायची त्यांना सवय नव्हती.

मास्तर गर्रकन लोकांकडे वळले आणि 'नको, नको' म्हणून दोन्ही हात डोक्यावर हलवू लागले. चाळीस माणसं तत्काळ उठून उभी राहिली आणि दुप्पट जोराने टाळ्या वाजवू लागली. एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने ते दृश्य टिपलं. फोटोत मधोमध आल्या स्वेटरवाल्या मावशी.

थोड्या वेळाने पडद्यावर फोन वाजला, कोणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि पाठोपाठ शांतता पसरली. प्रसंग दुःखाचा आहे, एवढं मास्तरांना पाठीनेही कळलं. नेमकी तेव्हाच नायकाने 'हसा' ही पाटी वर केली असावी, कारण चाळीस माणसं खदाखदा हसली. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. तो त्यांनी मारायला नको होता. तोवर पडद्यावर पुढचा प्रसंग आला होता, आणि वाहिनीच्या मालकाची खुर्ची मोडून तो आडवा पडतो, त्या हास्यस्फोटक जागी प्रेक्षागृहात हुंदके सुरू झाले. मावशींनी तर पदर डोळ्यांना लावून असा काही सूर काढला, की शेजारचा समीक्षकही नाक पुसू लागला.

आता उभं राहण्यात अर्थ नव्हता. मास्तर मागच्या दाराने बाहेर पडले आणि गल्लीतल्या पायरीवर डोकं धरून बसले. मुलीच्या पहिल्याच कामाचं आपण वाटोळं केलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. आत चित्रपट संपला. पण उठायची खूण करणारं कोणी नव्हतं, म्हणून चाळीस माणसं उठली नाहीत. ती उठेनात म्हणून समीक्षकांनाही उठायची लाज वाटली. शेवटी झाडूवाली आत आली तेव्हा सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी लेक वर्तमानपत्रांचा गठ्ठा छातीशी धरून घरात शिरली.

"ऐका, बाबा! 'विनोदाच्या जागी हुंदके ऐकू आले. हास्यामागचं दुःख इतक्या जणांना एकाच क्षणी उमगावं, हे दिग्दर्शिकेचं यश.' आणि हे! 'मृत्यूच्या प्रसंगाला प्रेक्षक हसले. टीव्हीने आपल्याला किती निर्ढावून टाकलंय, याचा पुरावा पडद्यावर नव्हता, खुर्च्यांत होता.' आणि संपल्यावर सात मिनिटं कोणी हललं नाही म्हणे!" तिचे डोळे भरून आले. "खरी माणसं होती ती, बाबा. कुठून आली कोण जाणे. तुम्ही होतात ना आत? तुम्हाला कसा वाटला?"

"लोक... हसले," मास्तर म्हणाले. ती इतकी आनंदात होती की पुढे बोलायचा त्यांना धीर झाला नाही.

चित्रपट लागला. परीक्षणं वाचून पहिले दोन दिवस गर्दी झाली, पण ती बिचारी गोंधळलेली गर्दी होती. एका गृहस्थांनी दारावरच्या माणसाला विचारलं, "ते उभं राहायचं मध्यंतराच्या आधी की नंतर?" एक बाई मैत्रिणीच्या कानात म्हणाल्या, "मला इथे हसू येतंय गं, पण पेपरात तर रडायचं लिहिलंय." आपण चुकीच्या जागी हसलो तर लोक अडाणी समजतील, या धास्तीने कोणी कुठेच हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी, ज्या वाहिनीला तो चित्रपट सगळ्यात जास्त झोंबला होता तिने अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम केला. डावीकडे वर्तमानपत्रातला फोटो. उजवीकडे त्याच मावशी, त्याच स्वेटरमध्ये, आधी पाककृतींच्या स्पर्धेत, मग गाण्यांच्या स्पर्धेत, मग हरवलेली भावंडं भेटतात त्या कार्यक्रमात. "या बाई आमच्या आहेत!" निवेदक छाती काढून म्हणाला. समोर बसलेल्या प्रेक्षकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. त्यांतही मावशी होत्याच.

फसलेला समीक्षक दुखावलेल्या जावयापेक्षा वाईट. अकराही जणांनी चित्रपट न बघता दुसऱ्यांदा परीक्षणं लिहिली. सात मिनिटं खिळून राहिलेल्याला आता चित्रपट सात मिनिटांतच कंटाळवाणा वाटला होता. चौथ्या दिवशी चित्रपटगृह ओस पडलं.

लेकीने आरडाओरडा केला असता तर मास्तरांना सोसलं असतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हळू आवाजात बोलली.

"का केलंत?"

"रिकाम्या खुर्च्या बघवल्या नसत्या गं तुला."

"मला, की तुम्हाला? चित्रपट तरी बघितलात का?"

मास्तर म्हणाले, "मी लोकांकडे बघत होतो."

"शाळेतल्या नाटकातसुद्धा तुम्ही लोकांकडेच बघत होतात. मी राजा झाले होते, आणि तुम्ही रांगेरांगेने टाळ्या मागत फिरत होतात." तिने डोळे पुसले. "मंगळवारी दुपारी शेवटचा खेळ आहे. या. एकटे या. आणि पुढे तोंड करून बसा."

मंगळवारी मास्तर तिकीट काढून आत गेले. सगळे मिळून चौघे. कोपऱ्यात एक जोडपं, मास्तरांच्या मागच्याच रांगेत पॉपकॉर्न खाणारे एक गृहस्थ, आणि स्वतः मास्तर. पुढे तोंड करून बसताना पाठ उघडी पडल्यासारखं त्यांना वाटत होतं.

नायक त्यांच्यासारखाच चालत होता. पाट्या त्यांच्यासारख्याच पलंगाखाली ठेवत होता. मग तो फोन वाजला. नायकाची बायको इस्पितळात वारल्याचा निरोप होता, शूटिंग चालू होतं, आणि नायक खिशात फोन ठेवून 'हसा' ही पाटी वर धरत होता. त्या दिवशी कोणालाही काही कळू दिलं नाही, असं मास्तर सोळा वर्षं समजत होते. पडद्यावर मात्र खांबाआड शाळेचं दप्तर घेतलेली एक मुलगी उभी होती आणि ती सगळं बघत होती.

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. इथे काय करायचं, ते सांगणारं कोणी नव्हतं. आणि मग त्यांना रडू आलं, ते कसं थांबवायचं हेही त्यांना माहीत नव्हतं. चित्रपट संपला, दिवे लागले, तरी ते रडतच होते.

मागचे गृहस्थ पुढे वाकले. "काका, संपला. आता रडणं थांबवलंत तरी चालेल. कोणी बघत नाहीये." मग कुतूहलाने त्यांनी विचारलं, "कुणी पाठवलं हो तुम्हाला?"

"मुलीनं," मास्तर म्हणाले आणि पुन्हा रडू लागले.

गृहस्थ समजल्यासारखी मान हलवून उठले. पडद्याशेजारच्या कोपऱ्यात, पडद्याकडे पाठ करून, लेक उभी होती. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे. ही व्यवस्थापक असणार असं वाटून जाता जाता गृहस्थ तिच्याजवळ थांबले.

"बाई, चित्रपट बरा आहे. पण तुमचा तो माणूस फार छान काम करतो हं. अगदी खरं वाटतं."

लेकीने मास्तरांकडे बघत दोन्ही तळवे सावकाश वर उचलले.

"नवीन आहेत," ती म्हणाली. "आज पहिलाच दिवस."