कदम हवालदारांचं बोट

आमच्या बिल्डिंगमध्ये टँकरवाल्याला, केबलवाल्याला, अगदी बिल्डरलासुद्धा कोणी घाबरत नाही. घाबरतात ते चौथ्या मजल्यावरच्या कदम हवालदारांच्या बोटाला. हे बोट सकाळी निघतं, जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येतं, मीटरच्या पेट्या आणि स्कूटरच्या सीटा तपासतं आणि शेवटी माझ्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर टेकतं. मग ते माझ्या नाकासमोर उभं राहतं.

"हे काय आहे, दुकानदार?"

"धूळ."

"कुणाची?"

आता धुळीवर काय कुणाचं नाव असतं? आमच्या हाटकेश भागात समोर रस्ता खणलेला, शेजारी भांड्यांचा गाळा, दिवसभर टेम्पो. पण हवालदारांचं उत्तर तयार. "तुझ्या हद्दीत आहे म्हणजे तुझी. कोई शक?"

फौज सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण 'कोई शक?' सुटलं नाही. त्यानंतर कुणी बोलायचं नसतं.

माझं आणि त्यांचं जमणं शक्यच नव्हतं. मी भाईंदर स्टेशनबाहेर हातगाडीवर कुलुपं विकून इथवर आलोय. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण पचत नाही. हवालदार भाव विचारतात, मी सांगेन तो देतात आणि निघतात. अशा गिऱ्हाइकात काय मजा? वर ते बोर्डाचं प्रकरण. सोसायटीच्या मीटिंगनंतर सगळ्यांसमोर त्यांनी सुतळी लावून दाखवलं, की दुकानांच्या ओळीत माझा एकट्याचा बोर्ड वीतभर पुढे आहे. "सगळी पलटण एका रेषेत आणि हा बघा, छाती काढून!" मी आरडाओरडा केला. शेवटी अर्ध्या विती‌वर मिटवायला तयार झालो. ते म्हणाले, "वीत म्हणजे वीत." बोर्ड मागे गेला आणि नाक्यावरून दिसेनासा झाला. मी हे विसरलेलो नाही.

तरी संध्याकाळी हवालदार माझ्याच स्टुलावर बसून लढाईच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या लढाईत गोळ्या फार कमी. बर्फात डाळ कशी शिजत नाही, ओले मोजे पोटाशी धरून कसे वाळवायचे, असलंच जास्त. आणि बायकोची एक गोष्ट ठरलेली.

"लढाईला निघालो तेव्हा नवं लग्न. आमच्या गावची रीत अशी, की माणूस प्रवासाला गेला की तो पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही. माझं पत्र पोचायला दीड महिना लागला. या बाईने दीड महिना झाडू हातात धरला नाही! घरात कोंबड्या फिरतायत, सासू शिव्या घालतेय, ही ऐकेना. रजेवर आल्यावर विचारलं, अगं, तुझ्या झाडूने काय दुश्मनाची तोफ थांबते?"

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आलात ना परत? मग गप बसा." आणि मोठ्याने हसायचे. "बायकांची अक्कल, दुसरं काय!"

ती बाई आता नाही. घरात हवालदार आणि भिंतीवर तिचा फोटो. मुलगा संदीप फौजेतच.

यंदा सीमेवर दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. संदीप रजेवर आला होता, त्याला अर्ध्यातून बोलावलं. रिक्षात बसला आणि पुन्हा उतरून, खणलेल्या रस्त्याचा चिखल तुडवत वर धावला. लोणच्याची बरणी राहिली होती. हवालदार गॅलरीतून ओरडले, "फौजी असून सामान विसरतोस?"

दुसऱ्या दिवसापासून बोट खाली आलं नाही. मी मुद्दाम काउंटर पुसला नाही. तरी नाही.

पुढे त्यांच्या दाराची कडी मोडली म्हणून मी नवी घेऊन वर गेलो. आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. फरशीवर कचरा, कोपऱ्यात जळमटं. मी टीव्हीवरून बोट फिरवलं. काळं! इतका फायद्याचा सौदा मला जन्मात मिळाला नव्हता. ते बोट मी त्यांच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे, हवालदार?"

"धूळ."

"कुणाची?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "पोराचा पोचल्याचा फोन नाही आला अजून."

बोटाचं काय करावं ते मला कळेना. शेवटी शर्टाला पुसलं.

त्यांचा फोन रस्त्याच्या खोदकामात मेला होता. 'एक लाइन तुटली तर दुसरी हवी' म्हणून त्यांनी मला न विचारता माझ्या दुकानाचा नंबर पोराला देऊन ठेवला होता. त्यावरूनही आमचं वाजलं होतं. पण त्या दिवसापासून मी दुकानाचा फोन कुणाला वापरू दिला नाही. शेजारचे व्यापारी ओरडले. मी जास्त ओरडलो.

फोन आला तेव्हा एक गिऱ्हाईक नळासाठी भाव पाडत होतं. "काका, संदीप बोलतोय..." मी आयुष्यात पहिल्यांदा सौदा अर्धा टाकला आणि रस्त्यावर जाऊन बोंब मारली, "हवालदार! लाइन आली!"

ते बनियनवर आले, एकाच पायात चप्पल.

"हां. कुठे ते सांगू नकोस. पोचलास ना? बरणी फुटली नाही ना? ... अंगाला लागेल असं खा. इकडे सगळं ठीक. घर एकदम साफ. कोई शक?"

लाइन कटली तरी रिसीव्हर कानालाच होता. मग म्हणाले, "दुकानदार, एक झाडू दे."

मी कडीचा एक स्क्रू बसवायचा राहिलाय असं निमित्त काढून थोड्या वेळाने वर गेलो. घर आरशासारखं. फक्त दाराच्या आत, वाळलेल्या चिखलात उठलेला एक बुटाचा ठसा तसाच होता. त्याच्या चारी बाजूंनी केर काढलेला, सुतळी लावल्यासारखा सरळ.

"हे राहिलं की, हवालदार. पोचला ना आता पोरगा?"

"पोचला." त्यांनी झाडू कोपऱ्यात उभा केला. "परत कुठे आलाय अजून?"

'कोई शक?' म्हणाले नाहीत. मी लांब पाऊल टाकून ठसा ओलांडला आणि खाली आलो.

बोर्डाचं माझं भांडण मी सोडलेलं नाही. पण ते आता संदीप आल्यावर.