खोडाळे मुक्कामी संगणकावर कच्ची सिस्टिम मारावी की न मारावी, या मसलतीची हकीकत

तुम्ही आपले अर्धे काम आमच्या माथी मारता आणि वर त्यास मान म्हणता. हा आरोप आहे. अर्ज नव्हे, विनंती नव्हे. आपण कोण, कोणत्या विलायतेत, कोणत्या काचेच्या महालात बसता, हे आम्हांस ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची हौसही नाही. आपण आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक निळा चौकोन पाठविता, त्यावर लिहिता की नवे राज्य तयार होत आहे, सर्वांआधी आत या, आणि चुका आढळल्यास आम्हांस कळवा. वाहवा. भात अर्धा शिजवून पानात वाढायचा, आणि शीत कच्चे आहे हे जेवणाऱ्याने सांगायचे. हा न्याय कोणत्या मुलखातला? त्या निळ्या चौकोनाने मौजे खोडाळे, तालुके मोखाडे येथे काय रण माजविले, ते आता ऐकावे. आपण ऐकणार नाही हे ठाऊक आहे. तरी लिहितो.

तर ऐसे जाहले की, हल्लीच्या साली, भात कापणीस आलेले, नाचणी डोलते आहे, ऐशा हंगामात, खोडाळ्याच्या बाजारपेठेत राजमान्य राजश्री नितीनराव, फ्लेक्स, लग्नपत्रिका, झेरॉक्स व पासपोर्ट फोटो या परगण्यांचे वतनदार, आपले दुकान राखून होते. दुकानात संगणक एक. त्यासच मुख्य म्हणावे, कारण दुसरा नाही. एकुलत्या बैलास नांगराचाही मान आणि गाडीचाही, तैसे. त्यावर जुन्या सिस्टिमचे राज्य बहुत वर्षे चालले होते. सिस्टिम म्हणजे संगणकाची गादी. तिच्यावाचून पेटी म्हणजे नुसता पत्रा. ही गादी आता म्हातारी जाहली होती, सकाळी उठावयास चहा उकळेतो वेळ घेई, कामाच्या मध्येच विचारात पडे आणि मग कोणी काही म्हटले तरी हलत नसे, परंतु इमानी. कळ दाबली की अक्षर उमटे, आज ना उद्या उमटेच. रयतेस याहून काय पाहिजे?

तो इतक्यात जव्हारहून हेमंतराव फौजबंद येऊन थडकले. हेमंतराव म्हणजे जव्हारच्या मोबाईल दुरुस्तीचे ठाणेदार, नितीनरावांचे शाळासोबती, काही वर्षे ठाण्याकडे नोकरी करून परतलेले आणि तेणेकरून हिंदीत धीर देण्याची विद्या अवगत असलेले. फौज म्हणजे ते स्वतः, एक मोटारसायकल, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याने बांधलेला पेनड्राइव्ह. त्या पेनड्राइव्हच्या पोटात नवी सिस्टिम होती. ती पक्की नव्हे, बीटा. म्हणजे करणाऱ्याच्याच मते अपुरी, लोकांनी वापरून पाहावी आणि तिच्या खोड्या कळवाव्या अशी. हेमंतरावांनी निळ्या चौकोनाकडे बोट करून मसलत दिली की, अवघ्या तालुक्यात ही गादी प्रथम येथे यावी, आणि मग नितीनरावांची कीर्ती खोडाळ्यापासून तो थेट विक्रमगडापर्यंत पसरेल. आमच्या मुलखात सिस्टिम बसवीत नाहीत, टाकीत नाहीत, मारतात. सिस्टिम मारू या, असेच म्हणतात. यात मरते कोण, याची चौकशी आजवर कोणी केली नाही.

“टेन्शन नको घेऊ,” हेमंतराव वदले, “एकदम मक्खन चालतंय.”

नितीनराव हे नव्याचे भोळे भक्त. बाजारात नवा रंग आला की तो फ्लेक्सवर वापरावा, मग नवरदेव हिरवा दिसला तरी बेहत्तर, ऐसा स्वभाव. त्यांनी बॅकअपची, म्हणजे आहे त्या मालाची एक प्रत सुरक्षित जागी ठेवण्याची तजवीज पुसली. हेमंतराव म्हणाले, घेऊ की. कशावर, ऐसे पुसता, याच्यावरच, ऐसे उत्तर आले. म्हणजे घर जळण्याआधी दागिने त्याच घराच्या माळ्यावर ठेवावे, तैसे. तरी नितीनरावांस ते पटले, आणि त्यांनी पेनड्राइव्ह हाती घेतला, तो झेरॉक्सच्या यंत्रामागून हर्षदाबाईसाहेबांची स्वारी प्रकट जाहली.

बाईसाहेब या नितीनरावांच्या अर्धांगी, आणि दुकानाचा खरा कारभार यांच्याच शिक्क्याने चाले. त्यांची रक्त तपासणीच्या पदविकेची शेवटची परीक्षा येत्या गुरुवारी याच संगणकावर, घरबसल्या, कॅमेऱ्याच्या पहाऱ्यात व्हावयाची होती. उत्तीर्ण जाहल्यास मोखाड्याच्या एका लॅबमध्ये त्यांची जागा धरलेली होती. न जाहल्यास ती जागा दुसऱ्यास जाणार, हे साफ सांगून ठेवलेले. गेल्या साली पेपर अर्धा सोडवून जाहला असता मागून एक कोंबडी चालत गेली, आणि कोठे दूर बसलेल्या पर्यवेक्षकाने खोलीत परकी व्यक्ती आढळली ऐसे ठरवून पेपर रद्द केला. बाईसाहेबांनी अर्ज धाडला की ती कोंबडी होती. उत्तर आले की, सदर व्यक्तीचे ओळखपत्र जोडावे.

ऐसा घाव उरात असता बाईसाहेबांचा हुकूम सुटला की, परीक्षा होईतो या संगणकास जो बोट लावील त्याचे बोट झेरॉक्समध्ये घालून त्याच्या प्रती बाजारात वाटण्यात येतील.

हेमंतराव कच्चे नव्हते. त्यांनी उलट तोफ डागली की, वहिनी, म्हातारी सिस्टिम ऐन पेपरात विचारात पडली म्हणजे? आणि मग कोणास जाब पुसणार? आणि हे अगदीच खोटे नव्हते. मागल्याच आठवड्यात एका वऱ्हाडाची पत्रिका करिताना ती गादी ऐसी रुसली की नवरीचे नाव अर्धेच राहिले आणि मंडळी ताटकळत बसली. बाईसाहेबांच्या कपाळास आठी पडली. जुन्यावर विसंबावे तर दगा, नव्यावर विसंबावे तर अंधार. ऐसा पेच मोठमोठ्या दौलतींस पडला आणि कैक दौलती त्यात बुडाल्या. मग बाजाराचा दिवस असल्याने झेरॉक्सला आलेली रयतही दोन फळ्यांत विभागली आणि आधारकार्डे हातात घेऊन एकमेकांस सिस्टिमचे ज्ञान सांगू लागली, आणि ज्यांस संगणकाचे काही ठाऊक नव्हते ते सर्वांत मोठ्याने बोलू लागले.

अखेर कोणी म्हटले की, भगताला विचारा.

बाबल्या भगत, जवळच्या पाड्याचे, तांदळाचे दाणे पाहून अडल्यानडल्यास उपाय सांगणारे, देवाचा फोटो लॅमिनेट करावयास तेथेच बाकावर बसले होते. यांची कीर्ती अलीकडे फार वाढली होती, आणि तिचे कारण सांगितले पाहिजे. हेमंतरावांनी त्यांच्या मोबाईलवरही ऐसीच एक कच्ची विद्या मारली होती. तेव्हापासून तो फोन वाजत नाही. कोणी फोन केला की बत्ती पेटते. फोन सदऱ्याच्या खिशात, आणि भगत दाणे पाहावयास बसले की मध्येच त्यांची छाती उजळे. लोक हात जोडू लागले. पूर्वी कोंबड्याच्या दक्षिणेवर भागविणारे भगत आता बोकडाची भाषा बोलू लागले. मग भगतांनी तो फोन दुरुस्तीस का टाकावा?

त्यांस हकीकत निवेदन केली. बीटा हा शब्द ऐकून त्यांनी कान पुढे केला.

“कोणाचा बेटा?”

“कंपनीचा, काका,” हेमंतराव म्हणाले.

“मग घ्या की घरात. पोर हाय, शिकंल.”

हे शब्द मुखातून निघावयास आणि कोणी फोन करावयास एकच गाठ पडली. भगतांची छाती लख्ख उजळली. रयतेने मस्तक लवविले, नितीनरावांनी तर डोळे मिटून पेनड्राइव्ह कपाळास लाविला, आणि हेमंतरावांच्या मुखावर ऐसे हसू पसरले की जणू गड खाली करून किल्ल्या हाती आल्या. बाईसाहेबांचा पक्ष पुरता मोडला. गुरुवार डोळ्यांदेखत वाहून चालला.

तेव्हा बाईसाहेब बाकाजवळ गेल्या आणि पदर खोचून शांतपणे पुसत्या जाहल्या.

“काका, नवं भात घरात आलं, तर पहिला घास कोणाचा?”

“देवाचा,” भगत म्हणाले, आणि यात त्यांस विचार करावा लागला नाही. “मंग घरातल्या जुन्या माणसाचा. त्याबिगर नवं कोणी तोंडात घालीत नाय.”

“मग हेमंतभाऊ, तुमच्या दुकानात तुमच्या वडिलांच्या वेळचा कॉम्प्युटर आहे. त्याला हा घास दिला का?”

हेमंतरावांनी पेठेकडे पाहिले, मग चपलांकडे पाहिले.

“तो धंद्याचा हाय, वहिनी.”

हे वाक्य पडले आणि खोडाळ्याचा बाजार हसला. मिरची विकणारी हसली, सुकट विकणारी हसली, आणि कशास हसतात हे न कळलेलेही हसले. ऐसे दगाबाज या मुलखाने पुष्कळ पाहिले आहेत. आपले पान झाकून ठेवतात आणि दुसऱ्यास वाढण्याचा आग्रह करितात. मग बाबल्या भगतांनी उजळत्या छातीने निवाडा दिला की, रीत ती रीत; पहिला घास जव्हारच्या जुन्या पेटीस, आणि तिला तो पचला तरच खोडाळ्यास पंगत.

फौजा निघाल्या. पुढे मोटारसायकलीवर हेमंतराव व नितीनराव, एक रडवेले आणि एक उतावीळ. मागे स्कुटीवर खुद्द बाईसाहेब, आणि त्यांच्या मागे न्यायाधीश म्हणून बाबल्या भगत. निवाड्याची वार्ता पाड्यापाड्यात पोहोचली असल्याने जो तो भगतांस फोन करीत होता, आणि त्यामुळे मोखाड्यापासून घाटातील प्रत्येक वळणावर त्यांची छाती ऐसी चमके की समोरून येणारी एस.टी. पोलिसांची गाडी समजून कडेस उभी राहिली, आणि वाहकाने सलाम केला. भगतांनी तो स्वीकारिला.

जव्हारास पोहोचून त्या जुन्या पेटीवर सिस्टिम मारिली. पडदा काळा जाहला, मग निळा जाहला, मग त्यावर टक्के चढू लागले, आणि मग एकाएकी ऐसे तेज फाकले की काय वर्णावे. बर्फाचे डोंगर, मागे सरोवर, चौकोन ते गोल जाहले, आणि जे पूर्वी नुसते उघडे ते आता नाचत उघडे. नितीनरावांस गहिवर आला. हेमंतरावांचा कंठ परत फुटला आणि मक्खन हा शब्द त्यांनी पुनःपुन्हा उच्चारिला. खुद्द बाईसाहेबांसही क्षणभर वाटले की आपण उगाच अडवून धरिले, उद्याच खोडाळ्यास ही आणावी.

मग हेमंतरावांनी विजयाच्या भरात आपले अर्धवट राहिलेले काम उघडिले. जव्हारच्या एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचा तो फ्लेक्स. त्यावर मोठ्या भगव्या अक्षरांत लिहिले होते:

जहार कबडी पधा.

नव्या गादीने अर्धी अक्षरे गिळली होती. जेथे जोडाक्षर तेथे पूर्वार्ध गायब. जव्हारचे जहार जाहले, म्हणजे जहराचा थोरला भाऊ. प्रमुख पाहुणे ते रमुख पाहुणे. हार्दिक शुभेच्छा या हादिक शुभेछा होऊन बसल्या, जणू सर्दी जाहलेल्याने दिल्या. हेमंतरावांनी पेटी बंद करून उघडली, थोपटली, शिव्या दिल्या, आणि मग आपले नाव टंकून पाहिले.

“हेमंत तर बरोबर येतंय,” ते म्हणाले.

बाईसाहेबांनी त्यांस बाजूस सारिले आणि स्वतः कळफलकावर बसल्या. आपले नाव लिहिले, ते हषदा आले. मग त्यांनी परीक्षेतील शब्द लिहिले. अस्थिमज्जा लिहिले, ते अथिमजा आले. श्वेतपेशी लिहिल्या, त्या वेतपेशी आल्या. रक्त लिहिले, आणि पडद्यावर, त्या बर्फाच्या डोंगरापुढे, नुसते रत उमटले. पेपर मराठीत होता. गुरुवारी सारा पेपर ऐसाच आला असता, आणि यांनी ऐसाच लिहिला असता.

“रक्तच नाही,” त्या म्हणाल्या, “तर मी तपासू काय?”

बाबल्या भगतांनी पडद्याकडे पाहिले, खिशातून फोन काढिला आणि तो हेमंतरावांच्या टेबलावर ठेविला, वाजता करून द्यावा म्हणून. बोकडावर पाणी सोडण्याऐसा हा त्याग कोणत्याही दौलतीत जाहला नसेल.

मग पुढील वृत्तांत थोडा आहे. नितीनरावांनी त्याच बैठकीत, आपण पाठविलेल्या त्या चुका कळविण्याच्या चौकटीत, सर्व हकीकत मराठीत लिहून धाडिली. उत्तर तत्काळ आले: आपली भाषा ओळखता आली नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. खोडाळ्यास परतून त्यांनी निळा चौकोन कायमचा बंद केला, आणि कबड्डीचा फ्लेक्सही शेवटी तेथेच, म्हाताऱ्या गादीवर, व-सकट आणि र्ध-सकट तयार जाहला. हेमंतराव शेजारी बसून एकेक अक्षर वाचून घेत होते. गुरुवारी बाईसाहेब पेपरास बसल्या. मध्ये एकदा म्हातारी विचारात पडली. नितीनराव दाराबाहेर भिंतीस कपाळ लावून उभे होते, हेमंतरावांनी जव्हारहून फोन करून काय जाहले म्हणून पुसले आणि शिव्या खाल्ल्या. आणि मग म्हातारीने एक उसासा टाकिला, आणि पुढला प्रश्न उघडिला, आणि पेपर पोहोचला.

येणेप्रमाणे मौजे खोडाळे येथील मुख्य संगणकावर कच्ची सिस्टिम न मारण्याची मोहीम फत्ते जाहली, जुनी गादी कायम राहिली, आणि सौभाग्यवती हर्षदाबाईसाहेब हल्ली मोखाड्यास लोकांचे रक्त काढितात, अख्खे रक्त, क सहित. ही नोंद पक्की समजावी.

आता राहिले आपण. आपल्या नव्या राज्यात डोंगर आला, सरोवर आले, चौकोन गोल करावयास माणसे आली. आमची अक्षरे तपासावयास मात्र कोणी आले नाही, ते काम आम्ही फुकट करावे, आणि केले तर आमची भाषा ओळखता येत नाही. हे लोकांच्या दारी कुत्रे सोडून चावते का म्हणून पुसण्याऐसे आहे. म्हणून मक्खन नको, मान नको, सर्वांआधी आत येण्याचे आमंत्रण तर मुळीच नको. एक सवाल आहे, त्याचे उत्तर पाठवा. आमच्या जव्हारातला अर्धा व कोणी खाल्ला?

आणि उत्तर जोडाक्षरांत पाठवा.