धरून चाला, हे एन्झाइम

गावंडे सरांच्या तावडीत सापडलेला माणूस फार वेळ माणूस राहत नसे. त्याचा स्टार्च व्हायचा, नाहीतर एन्झाइम. अकोल्याच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. शिवाय घराला घर लागून, त्यामुळे येताजाता माझाच स्टार्च व्हायचा.

"धरून चाला" हा त्यांचा मंत्र. पोटातलं एन्झाइम अन्न कसं फोडतं हे दाखवायला त्यांनी एकदा सगळा वर्ग कापसाच्या जिनिंग कारखान्यात नेला. "धरून चाला, कापूस म्हंजे स्टार्च. मशीनीत गेला, रुई इकडं, सरकी तिकडं. अन् मशीन? होती तशीच. दुसऱ्या गाडीले तयार." एका पोराने विचारलं, मशीनीत तूर टाकली तर? या प्रश्नावर सर इतके खूष झाले की त्यांनी तिथल्या मुकादमाकडे पसाभर तूर मागितली. मुकादमाने वर्गासकट त्यांना बाहेर काढलं.

घरात सर आणि त्यांची मुलगी शांता, दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. शांताची दोन स्थळं जमता जमता मोडली होती, कारण दोन्ही वेळा सरांनी ऐन बैठकीत पाहुण्यांचे एन्झाइम करून टाकले. तिसरं स्थळ अमरावतीचं आलं. मुलगा पोस्टात, माणसं सरळ आणि शांताच्या मनात भरलेलं. "काका, या बारीले बाबाले आवरजा," ती मला म्हणाली. मी सरांकडून तसा शब्द घेतला.

बैठकीत पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मुलाचे वडील म्हणाले, आता सुपारी फोडू. तेवढ्यात सरांनी मध्यस्थी करणाऱ्या गुलाबरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"धरून चाला, हे एन्झाइम."

मी खोकलो. काही उपयोग झाला नाही.

"तुमी अमरावतीले, आमी अकोल्याले. या गुलाबरावाबिगर बी सोयरीक जमली असती, पण शंभर वर्सं लागली असती." गुलाबराव फुलले. "अन् गंमत अशी का, काम झालं का हे जसे आले तसेच बाहेर. ह्यायले काईच लागत नाई."

आमच्याकडे सोयरीक जमवणाऱ्याला लग्नात मानाचं धोतर आणि फेटा देतात.

"म्हंजे धोतर नाई?" गुलाबरावांनी विचारलं.

"एन्झाइमले धोतर कायले पाह्यजे?"

गुलाबराव ताडकन उठले.

"तापू नका, गुलाबराव," सर कळवळून म्हणाले, "एन्झाइम तापलं का कामातून गेलं."

गुलाबराव तरातरा निघून गेले. मुलाचे वडीलही टोपी चाचपू लागले. माझं डोकं फिरलं. सरांना ओट्यावर नेऊन मी म्हटलं, "सर, पोरीचं लगन करायचं हाये का नाई तुमाले?"

सर ओट्याच्या कडेला टेकले. "ते सुपारीचं बोलले अन् मले भेव वाटलं," ते म्हणाले. "ही गेली का घरात मी एकटा. भेव वाटलं का मी बोलतच सुटतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं मी या माणसाला नुसता चक्रम समजत होतो, याचं फार वाईट वाटलं.

मग सर एकाएकी उठले आणि तसेच अनवाणी उन्हात धावले. मी मागोमाग. टांग्यांच्या अड्ड्यावर त्यांनी गुलाबरावांना गाठलं आणि हात जोडले. "धोतर घ्या, फेटा घ्या, पण चाला. माह्या पोरीचं जमू द्या." गुलाबराव भला माणूस. सरांचे भाजलेले पाय पाहून त्यांनी सरांना टांग्यात घेतलं आणि टांगा घराकडे वळवायला लावला.

सुपारी फुटली. पाहुणे पान लावत बसले तशी शांता बापाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या जेवणाचं कसं?"

"मले वरण येते," सर म्हणाले.

सरांना चूलसुद्धा पेटवता येत नव्हती. हे शांताइतकं कोणाला ठाऊक असणार?

"पाणी बेतानं टाकजा, बाबा," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.