मौजे मजकूर शहर जाहले, त्याची हकीकत

कलम धरणाराने खोटे लिहू नये, आणि लिहिणे भागच पडले तर ऐकणाराच्या पचनी पडेल इतकेच लिहावे, ऐसा वडिलांचा दंडक. तो शिरी धरून, मौजे मजकूर याचे शहर कैसे जाहले, कोणी शर्थ केली, कोणाची अब्रू पणास लागली, हे जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. वाचणारांस हसू येईल तेथे त्यांणी हसावे, परंतु तोंडावर हात ठेवून. मामला इभ्रतीचा होता.

मौजे मजकूर म्हणजे केवढा मुलुख! इमारतीस इमारत लागलेली, इमारतींत लिफ्टा, आणि लिफ्टा बंद पडतात म्हणोन जिने, आणि जिने चढून गुडघे जातात म्हणोन चौकाचौकांत दवाखाने. गाडी ठेवावयास जागा नाही आणि माणूस ठेवावयास तर त्याहून नाही. परंतु सरकारदफ्तरी नोंद काय, तर 'गाव'. शेजारी थोरले शहर पसरले होते, ते जेथे संपले तेथे 'शहराची हद्द समाप्त' ऐसी पाटी होती, आणि तिच्या पाठीमागे मौजे मजकूर सुरू होत असे. स्वतःची पाटी नव्हती. पत्ता लिहिताना गावाचे नाव लिहावे, मग स्वल्पविराम द्यावा, मग 'थोरल्या शहराजवळ' म्हणोन पुस्ती जोडावी, तेव्हां कोठे टपाल पोहोचत असे. गाव म्हणावे तर शेजारी ओळख देईना, शहर म्हणावे तर नळ पाणी देईना, ऐसी धड ना इकडची, धड ना तिकडची गत होती.

ऐशा मुलुखात नाक्यावर श्रीमंत चष्मेवाले यांचे दुकान होते. लोकांचे लांबचे नंबर आणि जवळचे नंबर काढण्यात त्यांची हयात गेली. स्वभाव ऐसा की, कोणी नुसता सैल स्क्रू घेऊन आला तरी त्यास स्टुलावर बसवावे, स्क्रू आवळावा, मग आईचे गुडघे कसे आहेत हे पुसावे, आणि मगच सोडावे. दुकानात त्यांचा दरारा मोठा, परंतु घरी एक तोफ होती, तिजपुढे त्यांचे काही चालत नसे.

त्या तोफेचा वृत्तांत ऐसा की, लग्न ठरविते समयी मध्यस्थाने सासऱ्यांस बेलाशक सांगितले, मुलगा शहरात असतो. बाईसाहेब पेटी घेऊन उतरल्या आणि पाहतात तो गाव! तेव्हांपासून घरातील लढाई ओल्या टॉवेलावरून सुरू होवो की उतू गेलेल्या दुधावरून, अखेरीस एकच गोळा सुटे: "शहरात दिली होती मला!" श्रीमंत मान खाली घालून, नसलेला डाग काचेवरून पुशीत बसत. थाप त्यांणी मारली नव्हती, परंतु मारली त्यांच्याच नावाने, हे शल्य त्यांस फार होते.

बाईसाहेबांच्या थोरल्या भगिनी थोरल्या शहरात नांदत होत्या. त्यांणी मौजे मजकुरात कधी पाऊल ठेविले नाही; पत्त्यात जे जवळ होते ते यावयाचे म्हटले की त्यांस लांब पडे. एके दिवशी त्यांणी फोनवर सहज पुशिले की, "काय गं, तुमच्या गावी लिफ्टबिफ्ट असते का?" मग काय विचारता! बाईसाहेबांनी फोन आपटला आणि तोफ ऐसी डागली की शेजारचे कुत्रे भुंकू लागले. श्रीमंत तैसेच उठले, चहा गार होऊ दिला, आणि पण केला की, ह्या गावाचे शहर करीन, नाहीतर दुकानाची पाटी उतरवीन.

मग दुकानात, अक्षरे वाचावयाच्या तक्त्याखाली, मसलत बसली. सेनापतीपदी भूगोलाचे निवृत्त मास्तर नेमिले; त्यांस गाव 'नकाशे मास्तर' म्हणे. सरकारदफ्तरी अर्ज गेला, आणि तेथील मोठ्या साहेबांचे फर्मान आले की, शहर म्हणविण्यास शहरी स्वरूप असावे लागते. ते आहे की नाही, हे हुजूर जातीने येऊन पाहतील. शहरी स्वरूप म्हणजे काय, हे फर्मानात नव्हते, आणि पुसण्याची छाती कोणास नव्हती.

पहिल्या स्वारीची तयारी म्हणाल तर बोलता सोय नाही. रस्ते झाडले, आडव्यातिडव्या गाड्या हलविल्या, भाजीवाल्यांस ओळीत बसविले, आणि साहेब उतरताच ज्याने त्याने हसून विचारपूस केली. एका मावशींनी तर त्यांस घरात नेऊन ताक पाजले. श्रीमंतांनी त्यांच्या चष्म्याचा स्क्रू आपण होऊन आवळून दिला आणि मातोश्रींची प्रकृती पुसली. साहेबांस गहिवर आला आणि जाताना उद्गारले की, "वा! किती छान गाव आहे!"

त्या एका शब्दाने सारी फौज गारद जाहली. नकाशे मास्तर डोके धरून बसले आणि मग कडाडले की, "आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला! अहो, आल्यागेल्याची चौकशी करतात ते गाव! आता पुन्हा बोलावू त्यांना, आणि कुणी काही म्हणजे काही करायचं नाही." हा हुकूम मौजे मजकुरात जितक्या निष्ठेने पाळला गेला, तितका दुसरा कोणताच हुकूम आजवर पाळला गेलेला नाही.

दुसऱ्या स्वारीत साहेबांची गाडी नाक्यावर ऐसी अडकली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. साहेब पायउतार होऊन चालू लागले. वाट पुशिली तो पहिला बोलला, "माहीत नाही," दुसरा तेवढेही बोलला नाही, आणि तिसऱ्याने धक्का मारून वर "दिसत नाही का हो?" म्हणोन त्यांसच दटाविले. त्या धक्क्यात चष्मा पडला, त्यावरून एक स्कूटर गेली, आणि मग साहेबांस खरेच दिसेनासे जाहले. चाचपडत ते एका दुकानात शिरले. दुकान श्रीमंतांचे होते.

श्रीमंतांनी त्यांस आवाजावरून ओळखिले. साहेब डोळे बारीक करून उभे, हातात दोन काड्या आणि एक काच. श्रीमंतांचे हात शिवशिवले. स्टूल पुढे करावे, डोळ्यांस लागले तर नाही ना पुसावे, ऐसे फार मनात आले. परंतु कानात तोफ वाजली. मग काळजावर दगड ठेवून, मान वर न करिता, कोरड्या आवाजात हुकूम दिला की, "आज जमणार नाही. नंबर लावा आणि उद्या या." साहेब वळले, स्टुलावर नडगी आपटली, कोणी 'अरेरे' म्हणाले नाही, आणि बाहेर पडता पडता ते पुटपुटले, "शहरच आहे हो हे!"

त्या दिवशी श्रीमंतांस जेवण गेले नाही. परंतु फर्मान सुटले, मौजे मजकूर हे शहर जाहले, आणि थोरल्या शहराच्या पाटीमागे दुसरी पाटी उभी राहिली, 'शहराची हद्द सुरू'. नळास पाणी पूर्वीही येत नव्हते, आता शहराचे पाणी येईनासे जाहले; इतका दर्जा वाढला. लोकांनी एकमेकांस पेढे मात्र वाटले नाहीत, कारण ते गावंढळ दिसले असते.

मग तो सुदिन आला. श्रीमंत समोर बसले, आणि बाईसाहेबांनी भगिनीस फोन लावून, सर्वांस ऐकू जाईल ऐसा ठेवून, जाहीर केले की, "ताई, आम्ही आता शहरात राहतो बरं का!"

"अय्या, जागा बदललीत? कुठल्या शहरात?"

"जागा तीच गं. हेच शहर झालं."

"हेच म्हणजे कुठलं? मला कसं कळणार?"

बाईसाहेबांनी श्रीमंतांकडे पाहिले, आणि अखेरीस जो शब्द पुसून टाकावयास एवढी मोहीम जाहली तोच त्यांच्या तोंडून सुटला: "अगं, असं काय करतेस! तुमच्या शहराजवळचं!"

"जवळच आहे होय? मला आपलं वाटायचं, गाव म्हणजे कुठं लांब असेल. मग येतेच रविवारी. चांगली राहायलाच येते!"

फोन बंद जाहला. घर पाचव्या मजल्यावर, आणि लिफ्ट कित्येक महिने दाराला खुर्ची लावून बंद. बाईसाहेबांनी पदर खोचिला, आणि श्रीमंतांनी काच पुसावयास घेतली तोच हुकूम सुटला की, "शहरात दिली ना मला? मग रविवारच्या आत ती लिफ्ट चालू करून दाखवा!"

येणेप्रमाणे मौजे मजकूर याचे शहर जाहले, अर्जदार श्रीमंत चष्मेवाले यांणी फत्ते केली, सबब विजयाची नोंद कायम केली आहे. लांबचे आता सर्व साफ दिसते. जवळचा नंबर मात्र वाढला, आणि त्यावर श्रीमंतांच्या दुकानातही काच मिळत नाही.