मुरलीभाऊंचे मोठे टायर

आमच्या वणीला वजनकाट्यावर कोळशाचे ट्रक रांग लावून उभे असतात. त्या रांगेत परवापरवापर्यंत महिन्यातून एकदा एक हिरवी जीप दिसायची. पुढे ट्रक, मागे ट्रक आणि मधे ही. जीपमध्ये ना कोळसा, ना कापूस. आत फक्त आमचे शेजारी मुरलीभाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. त्यांना आपल्या गाडीचं वजन करायचं असायचं. मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढला की ते काट्यावरच्या माणसाच्या हातावर पेढा ठेवत आणि म्हणत, "भरली बरं का पोरगी!"

मग गल्लीच्या तोंडापासून हॉर्न सुरू. माझ्या फाटकाशी आले की मान बाहेर काढून ओरडायचे, "मॅडम, आणखीन भरली!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. माणसाचं वजन वाढलं तर डॉक्टर ओरडतो, आणि हा बाप्पा गाडीचं वजन वाढलं म्हणून पेढे वाटतो! मी चिडायचे, आणि मी चिडले की त्यांना आणखी हुरूप यायचा.

हा रोग कुठून लागला ते मला ठाऊक आहे. खाणीत कामाला असलेल्या साडूकडे ते एकदा गेले आणि तिथं त्यांनी डंपरचं टायर पाहिलं. माणसाच्या डोक्याहून उंच. त्या टायरला टेकून त्यांनी फोटो काढून घेतला आणि तो दिवाणखान्यात गणपती आणि गजानन महाराजांच्या मधे लावला. "हे पाहा," ते मला म्हणाले, "यालेच म्हणते चाक. आपण सारे आतापर्यंत बांगड्यायवर फिरून राह्यलो."

त्यानंतर सुरुवात झाली. आधी पुढे लोखंडी बंपर आला. म्हशीनं धडक दिली तर म्हशीनंच माफी मागावी असा. मग तळाला जाड पत्रा, वर कॅरिअर, कॅरिअरवर दोन रिकामे डबे आणि एक फावडं. एवढ्या ओझ्यानं गाडी मागून खाली बसली, म्हणून खालचे स्प्रिंगचे पाटे वाढवले. पाटे वाढवल्यावर गाडी उंच झाली आणि तिची जुनी चाकं बारकी दिसू लागली. "हत्तीले बकरीचे पाय शोभते का?" म्हणून मोठे टायर आले. ते मडगार्डला घासू लागले, म्हणून मडगार्ड कापले आणि गाडी आणखी उचलली. कादरमिस्त्री दर वेळी हात जोडायचा, "भाऊ, अब बस करो." पण मुरलीभाऊ बस करणारे नव्हेत.

आता गाडीचं काय झालं ते ऐका. चौकात वळण घ्यायचं तर मुरलीभाऊंना सीटवरून अर्धं उठून स्टिअरिंगला लोंबकळावं लागे. पुलाच्या चढावर सायकलवाली पोरं तिला मागे टाकून जात. मी टोकलं तर म्हणाले, "चढावर थे विचार करते, मॅडम. विचार करणारं माणूस हळूच चालते." ब्रेकबद्दल विचारलं तर, "लागते ना! पण दम धरून लागते. घाई लोकायलेच आहे." डिझेलबद्दल मी विचारलंच नाही, कारण त्यांच्या पत्नी विमलताई शेजारी उभ्या होत्या.

कळस झाला तो मीटरचा. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं. मीटरला बिचाऱ्याला ते कळत नाही, तो आपला जुन्या चाकाच्या हिशेबानं कमी किलोमीटर दाखवतो. मुरलीभाऊंचं शेत मुकुटबनकडे. नव्या टायरांवर पहिली फेरी मारून आले आणि गाडीतून उतरायच्या आतच ओरडले, "मॅडम, मुकुटबन जवळ आलं!"

मी फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगितलं. मोठं चाक फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून गाडी ओढत नाही. वजन वाढलं की थांबायला वेळ लागतो. आणि आपल्या काळ्या मातीत, ओल असताना, जड गाडी जास्त रुतते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वजनात दम असते, मॅडम. हलक्याले वारा बी हाणते."

मुरलीभाऊंनी एकदा म्हटलेलं आजवर मागे घेतलेलं नव्हतं. एकदा ते यवतमाळची समजून चंद्रपूरच्या बसमध्ये बसले. कंडक्टरनं सांगितलं, "काका, ही चंद्रपूरची." तर म्हणतात कसे, "मंग? मले चंद्रपूरलेच जायचं आहे." तिकीट काढलं, चंद्रपूरला उतरले, अर्धा दिवस स्टँडवर शेंगा खात बसले आणि संध्याकाळी विमलताईंसाठी दोन टॉवेल घेऊन परत आले. चंद्रपुरात टॉवेल चांगले भेटते म्हणाले.

पण खरं सांगू? आम्हा गल्लीवाल्यांना त्या गाडीचा अभिमान होता. पोळ्याच्या दिवशी बैलांमागं ती झूल पांघरून उभी राहायची. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, तसे मुरलीभाऊ तिच्या टायरांना तूप-हळद चोळायचे. लांबलांबची पोरं पाहायला यायची. पाहुणे आले की मीच त्यांना घेऊन फाटकाबाहेर जायचे. "ही आमच्या मुरलीभाऊंची," असं म्हणताना माझी मान जरा ताठच व्हायची.

फक्त विमलताई त्या गाडीकडे बघत नसत.

विमलताई म्हणजे अंगानं भक्कम, जिभेनं त्याहून भक्कम. पण त्यांचे गुडघे गेले आणि नेमकी त्याच सुमारास जीप उंच होत गेली. दाराशी पाय ठेवायचा पायटा ताईंच्या मांडीपर्यंत आला. मुरलीभाऊंनी आधी स्टूल ठेवलं, ते डुगडुगलं. मग चौरंग ठेवला. मग वेल्डिंग करून तीन पायऱ्यांची लोखंडी शिडीच गाडीला बसवली. तिनं वजन आणखी वाढलं, तेवढं त्यांना बरंच वाटलं असावं. शिडीवरही ताईंचा गुडघा वळेना.

आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू करायच्या दिवशी सीतादही करतात. घरची बाई शेतात जाते, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हळदकुंकू लावते, दहीभात ठेवते, झाडातला कापूस काढून त्याचा धागा झाडाझाडाला गुंडाळते. मगच बाया वेचायला लागतात. लग्न होऊन आल्यापासून विमलताईंनी एकही साल सोडलं नव्हतं. पण डांबरी रस्ता संपल्यावर त्यांच्या वावराची वाट काळ्या मातीची, तिथं ऑटो जात नाही. गेल्या साली सीतादहीच्या सकाळी ताई नवं लुगडं नेसून, दहीभाताचा डबा घेऊन बाहेर आल्या. शिडी झाली, चौरंग झाला, जमेना. तेव्हा मुरलीभाऊ कापसाच्या जिनिंगमधून दोन हमाल घेऊन आले. ताईंना खुर्चीवर बसवायचं आणि खुर्चीसकट वर चढवायचं!

हमालांनी खुर्ची उचलली मात्र, ताई गरजल्या, "ठेवा खाली! मी काय कापसाची गाठ आहो का?"

गल्ली हसली. हसायला नको होतं, पण हसली. मीही हसले. ताई उतरल्या, डबा नवऱ्याच्या हातात दिला आणि आत निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "आता नाही बसत मी या गाडीत."

मुरलीभाऊ एकटेच गेले. नाल्याजवळ जीप पोटापर्यंत रुतली. ट्रॅक्टरनं ओढून काढली, तोवर दही सांडलं होतं. उरलेला भात नेऊन त्यांनी आपल्या हातानं पूजा केली, आणि वेचणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. घरी येऊन ते म्हणाले, "झालं मस्त." बायांनी ताईंना खरं काय ते दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ताई माझ्याजवळ रडल्या. "माह्या हातचं होतं वं थे," म्हणाल्या, "एवढं एकच."

वर्षभर हा विषय घरात निघाला नाही. यंदा पुन्हा बोंडं फुटायला लागली तेव्हा मी ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "जातीन थेच एकटे. मी नाही." त्यांचं दुखणं गुडघ्याचं कमी आणि त्या खुर्चीचं जास्त होतं, हे मला कळत होतं. मुरलीभाऊंना कळतंय की नाही, याची मला शंका होती.

मग एका सकाळी ते जीप घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले तेव्हा मला ती ओळखूच येईना. बंपर नाही, कॅरिअर नाही, डबे नाहीत, शिडीसुद्धा नाही. पाटे काढलेले. खाली ती जुनी, बारकी चाकं. जीप उघड्या डोक्याच्या म्हाताऱ्यासारखी गल्लीत उभी होती.

गल्ली गोळा झाली. "काय भाऊ, पोरगी वाळली की!" कोणीतरी म्हणालं. "इज्जत गेली ना भाऊ गाडीची," दुसरा म्हणाला.

मुरलीभाऊ बॉनेटला टेकून उभे राहिले आणि त्यांनी भाषण सुरू केलं. "अबे, तुमाले काय समजते? मोठं चाक फिरवाले जोर जास्त लागते. मंग गाडी ओढन कशी? वजन वाढलं का ब्रेक लागत नाही. अन् आपल्या काळ्या मातीत जड गाडी रुततेच. हे सायन्स आहे, सायन्स! मी सोता अभ्यास केला."

माझा संताप संताप झाला. माझंच वाक्य, शब्दाला शब्द! दोन वर्षं घसा कोरडा केला तेव्हा वारा हाणते म्हणाले, आणि आता सोता अभ्यास केला? मी पदर खोचून पुढे झाले. मुरलीभाऊंच्या तोंडावर सांगणारच होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी अशी काही विनवणी केली की मी थबकले. असं पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं. ते बोलत होते गल्लीशी, पण आवाज लावला होता तो ओसरीपर्यंत पोचेल असा. ओसरीत विमलताई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

बायकोसाठी गाडी उतरवली असं ते म्हणाले असते, तर ताई मेल्या तरी बसल्या नसत्या. माझ्यामुळं यांची हौस गेली, माझं ओझं झालं, असं धरून बसल्या असत्या. म्हणून हा जन्माचा हेकट माणूस भर गल्लीत आपणच चुकलो म्हणून सांगत होता, आणि लोकांचे टोमणेही हसून घेत होता. मला त्यांचा असा काही अभिमान वाटला म्हणून सांगू! मी मोठ्यानं म्हटलं, "बरोबर आहे भाऊजी. मला नव्हतं हे सुचलं."

ओसरीतून आवाज आला, "मंग परवाच्या सीतादहीले रुतणार तं नाही ना?"

"नाही रुतत," मुरलीभाऊ म्हणाले. "हलकी आहे आता."

सीतादहीच्या सकाळी ताईंनी मलाही सोबत घेतलं. मी मागे चढून बसले, दहीभाताचा डबा मांडीवर. मुरलीभाऊंनी पुढचं दार उघडलं, पण हात पुढे केला नाही. ते सरळ मागच्या चाकाशी जाऊन उकिडवे बसले आणि टायर दाबून पाहू लागले. ताईंनी पाय पायट्यावर ठेवला, दांडी धरली, एकदा "गजानना" म्हटलं आणि बसल्या. कोणाचा हात नाही, काही नाही. निऱ्या नीट केल्या. गल्लीत दोनचार जण पाहत होते, त्यांच्याकडे त्यांनी सावकाश नजर फिरवली.

"चला ना," त्या म्हणाल्या. "काय पाहून राह्यले?"

"हवा पाहून राह्यलो," मागून आवाज आला. हवा पाहायला त्यांना बराच वेळ लागला. उठले तेव्हा डोळे लाल होते.

नाल्याजवळ परवाच्या पावसाची ओल होती. जीप जराशी घसरली, बुजली आणि निघून गेली. वावरात ताईंनी पूजा केली ती अशी, की वेचणाऱ्या बाया गप्प उभ्या राहून पाहत होत्या. पऱ्हाटीला धागा गुंडाळताना त्यांचे गुडघे दुखत असणार, पण तोंडावर दिसू दिलं नाही. मुरलीभाऊ बांधावर उभे होते, टोपी हातात घेऊन. पाहुण्याला आपलं घर दाखवावं तसे ते मला म्हणाले, "पाह्यलं? हिच्यासारखं कोणाले जमत नाही."

परत येताना नाला मागे पडला. मग ताईंनी समोर पाहतच विचारलं, "थे मोठे टायर कुठं ठेवले?"

"गोठ्यात."

"लावा परत. मले समजते सारं. तुमचं सायन्स बी समजते. मी सालातून एक दिवस बसतो, त्याच्यासाठी तुमची हौस कायले मोडता?"

मुरलीभाऊंनी गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं आता भांडण होणार. मी डबा घट्ट धरला.

"विमल," ते हळूच म्हणाले, "सालभर एकट्यानं चालवली. सारं गाव गाडीले पाहे, अन् मी बाजूच्या सीटले पाहो."

मी बाहेर तोंड केलं. दोन्ही बाजूंना पांढरी बोंडं होती आणि मला ती धूसर दिसत होती. पुढच्या सीटवर ताईंनी पदर सारखा केला. मग त्या म्हणाल्या, "मंग महागावले न्या मले. बहिणीच्या घरी. गुडघे गेल्यापासून तिले पाह्यलं नाही."

महागाव आमच्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. या जीपनं दिवस मोडतो जायलाच.

मुरलीभाऊंनी एवढंच विचारलं, "सकाळी किती वाजता निघाचं?"