बेलमिरा हे नाव आलं कुठून

बेलमिरा संगणकाविषयी या पृथ्वीतलावर कुणाला काही विचारायचं असेल, तर त्याने सॅन होझेच्या लाइल क्रॉगस्टाडला विचारावं, असं लाइल क्रॉगस्टाडचं स्पष्ट मत होतं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. चाळीसेक वर्षांपूर्वी दोन पोरांनी गावाबाहेरच्या एका शेडमध्ये जुळवलेलं हे यंत्र थोडी वर्षं विकलं गेलं, मग कंपनी बुडाली. त्या दोघांपैकी एक वारला आणि दुसरा अलास्काला मासेमारीला गेला तो गेलाच. लाइलच्या घरातली बेलमिरा यंत्रं मात्र अजून ठणठणीत चालत होती. त्यांची पिवळी पडलेली खोकी तो बायकोचं, डोरीनचं, केस सोनेरी करायचं मलम फासून अंगणात उन्हात ठेवी, आणि ती दुधासारखी पांढरी निघत. डोरीनने ते मलम कपाटात कुलूपबंद ठेवायला सुरुवात केली होती.

बेलमिरा या नावाचा उलगडाही लाइलनेच केला होता. ‘बेल’ हे आवाज मोजायचं माप आणि ‘मीरा’ हा आकाशातला तारा, म्हणजे बेलमिरा हा गाणारा तारा! यावर त्याने लांबलचक निबंध लिहिला होता. यंत्राचं चालू-बंद करायचं बटण समोर न ठेवता मागच्या बाजूला एका खोल खाचेत का ठेवलं, यावर वेगळा निबंध होता: चालू करण्याआधी माणसाने क्षणभर विचार करावा, हा त्यामागचा थोर हेतू. बेलमिरावेड्यांच्या मंडळातल्या ग्लेन ओकुबोला हे काहीच पटत नसे. त्याच्या मते नाव स्पॅनिश होतं. दोघांची त्यावरून वर्षानुवर्षं जुंपलेली होती आणि येत्या रविवारी मंडळाच्या मेळाव्यात लाइल भर मंचावरून ओकुबोचं तोंड कायमचं बंद करणार होता. छातीवर तारा छापलेले टीशर्ट खोकी भरभरून तयार होते.

फक्त एक शल्य होतं. गाडीसाठी बेलमिरा नावाची नंबरप्लेट मागायला तो गेला, तेव्हा ती आधीच कुणीतरी घेतलेली निघाली. कॅलिफोर्नियात पाटीवर सात अक्षरं मावतात आणि बेलमिराची इंग्रजीत बरोबर सात होतात, तेव्हा ती पाटी जणू यंत्रासाठीच जन्मली होती. लाइलला एक स्वर कापून, शेवटी आकडा चिकटवून भागवावं लागलं. पेट्रोलपंपावरच्या माणसाने ती वाचून, हे पोटाचं औषध आहे का, असं विचारलं होतं.

मेळाव्याच्या आदल्या सोमवारी तो पोर्तुगीज बेकरीतून गोड पाव घेऊन बाहेर आला आणि समोर उभ्या असलेल्या चिखलाने माखलेल्या ट्रकवर ती पाटी दिसली. निर्भेळ बेलमिरा. लाइल ट्रकपाशीच ठाण मांडून राहिला. बऱ्याच वेळाने नव्वदीला टेकलेला एक म्हातारा पावांची पिशवी सावरत आला.

“बेलमिरा... तुमची?” लाइलने कसंबसं विचारलं.

“माझीच. माझ्याच शेडमध्ये होती,” म्हातारा म्हणाला.

शेड! यापुढे शहाण्या माणसाने आणखी दोन प्रश्न विचारले असते. पण ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं त्याची हीच पंचाईत असते. लाइलने म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे पुसले आणि त्याला जागच्या जागी मेळाव्याचा प्रमुख पाहुणा करून टाकलं. म्हाताऱ्याचं नाव अडेलिनो बेटनकूर. एवढी माणसं बेलमिरासाठी जमतात हे ऐकून तो तिथल्या तिथे कबूल झाला. घरी पोचण्याआधीच लाइलने मंडळाला कळवून टाकलं: बेलमिराचा माणूस सापडला. रात्रीपर्यंत ओरेगॉनहून लोकांनी तिकिटं काढली, ओसाकाचे एक गृहस्थ सहकुटुंब निघाले आणि ओकुबोने आयुष्यात पहिल्यांदा लाइलचं अभिनंदन केलं.

गुरुवारी पाहुण्याचा फोटो आणायला लाइल त्याच्या घरी गेला. दिवाणखान्यात, जिथे इतरांकडे येशूची तसबीर असते तिथे, सोनेरी चौकटीत एक गाय होती. गळ्यात बक्षिसाची फीत, नजरेत राणीचा रुबाब.

“ही बेलमिरा,” अडेलिनो अभिमानाने म्हणाला.

मग त्याने कॉफी ओतत सगळं सांगितलं. दोन पोरांना त्याने गोठ्याची अर्धी शेड भाड्याने दिली होती. दारावर गाईच्या नावाची फळी होती, ती काढली तर चौकट खाली येईल म्हणून कुणी काढली नाही. पोरांच्या खोक्यांना गिऱ्हाइकं येऊ लागली, ती फळी वाचून बेलमिराच्या नावाने पत्रं पाठवू लागली आणि पोरांनी तेच नाव ठेवून दिलं. आणि ते बटण? आधी ते पुढेच होतं. शेजारच्या दावणीतून बेलमिराची शेपटी बरोबर त्यावर बसे, यंत्र बंद पडे आणि पोरांची दिवसभराची मेहनत पुसली जाई. म्हणून ते मागे खाचेत गेलं.

लाइल घरी आला तो खुर्चीत कोसळलाच. डोरीनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं. मला इतकी वर्षं वाटायचं, बेलमिरा म्हणजे तुझी कुणी जुनी मैत्रीण असणार.”

आता रविवारी मंचावर त्याची नाचक्की ठरलेली होती. ज्या एका गोष्टीविषयी लोक त्याला विचारत तीच त्याला ठाऊक नव्हती आणि हे ओकुबोच्या देखत उघड होणार होतं. शनिवारी त्याने धीर करून म्हाताऱ्याला गाठलं आणि गाईचं जरा आवरतं घ्या, पोरांविषयी जास्त बोला, असं आडून आडून सुचवलं.

अडेलिनो म्हणाला, “पोरा, ती पोरं माझ्याशी बोलायची नाहीत. काही अडलं की बेलमिराच्या मानेला टेकून बसायची आणि तिलाच सांगायची. तीही ऐकायची. ती गेली, मग गोठा गेला. आता तिथे काचेची ऑफिसं आहेत. नाव कुठेतरी राहावं म्हणून मी ते गाडीवर लावलं. गाईचं सांगायचं नाही, तर मी येऊन काय सांगू?”

लाइलला स्वतःची लाज वाटली, आणि ती खरीखुरी.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. अडेलिनो लग्नातला काळा सूट घालून, मांडीवर गाईची चौकट घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. काच त्याने इतकी पुसली होती की तिच्यात लाइलला आपलाच चेहरा दिसला. हातात ध्वनिक्षेपक होता, मागे पडद्यावर तारा चमकत होता. लाइलने सांगून टाकलं: गाणारा तारा वगैरे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं आहे, बेलमिरा ही या गृहस्थांची गाय.

मग अडेलिनो उठला आणि शेपटीची गोष्ट सांगू लागला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी सोबत आणलेल्या यंत्राच्या खाचेत बोटं घातली आणि त्याला रडू फुटलं. आयुष्यभर जे बटण त्यांनी चाचपडत शोधलं त्यामागे एक जितीजागती गाय उभी होती! लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. ओकुबो सगळ्यांत जोरात. लाइलही वाजवत होता, आणि आपण उगाचच घाबरलो, ही गोष्ट आपल्या निबंधापेक्षा कितीतरी सुंदर आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मग ओकुबोने हात वर केला. “पण काका, तुम्ही गाईचं नाव बेलमिरा का ठेवलंत?”

सगळ्या माना अडेलिनोकडे वळल्या.

“मी कुठे ठेवलं?” अडेलिनो म्हणाला. “डोंगरापलीकडच्या गस्टीन गावच्या सोझांकडून घेतली तेव्हा नाव घेऊनच आली ती. फळीही त्यांचीच. त्यांना विचारा.”

लाइलच्या अंगात एकदम दहा हत्तींचं बळ आलं. म्हणजे उलगडा अजून बाकी होता! सोमवारी झुंजूमुंजू होताच, डोरीनला जागही येऊ न देता त्याने गाडी काढली आणि डोंगर ओलांडून, ओकुबोला गाफील गाठल्याच्या आनंदात शीळ घालत तो सोझांच्या डेअरीच्या फाटकाशी पोचला.

फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. ओसाकाचं कुटुंब कुंपणाशी फोटो काढत होतं आणि आतल्या पायरीवर ओकुबो कॉफीचा दुसरा पेला संपवत होता. दूध काढायचं सोडून बाहेर आलेल्या सोझाबाईंनी लाइलला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“तुम्हीपण त्या गाईसाठीच ना?” त्या म्हणाल्या. “मग तिथे मागे उभे राहा.”

लाइल मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला.